सुपारीची वरात चौथऱ्यावर

एखादी वस्तू टेबलावर ठेवली की हस्तकला असते आणि चौथऱ्यावर ठेवली की कला होते, यात वादाला जागा नाही. चौथरा म्हणजेही टेबलच. फक्त त्यावर चहाचा कप ठेवला तर लोक ओरडतात.

परदेशात, जॉन्सनव्हिल नावाच्या उपनगरातल्या एका कलासोसायटीने तर २००६ च्या प्रदर्शनासाठी याचे रीतसर नियमच केले होते. कलाकृतीचा कसलाही उपयोग नसावा. ती काय आहे ते बघताक्षणी कळू नये (कळलंच, तर खाली इंग्रजीत खुलासा लावून ते दुरुस्त करता येईल). आणि करताना मजा आली असं करणाऱ्याने कुठेही कबूल करू नये. सोसायटीच्या पाहणीनुसार टेबलावरच्या वस्तूंना 'हाऊ लव्हली' म्हणणारे शंभर टक्के होते आणि चौथऱ्यावरच्यांना फक्त बारा. दर्जा म्हणतात तो हाच.

स्नेहलताबाई तेव्हा सहा महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या. पुण्यात लग्नाचं रुखवत करून द्यावं तर त्यांनीच. इथे येऊन थंडीत करायचं काय, म्हणून त्यांनी इंडियन दुकानातून सुपाऱ्या आणून अख्खी वरात केली. बँडवाले, घोडा, मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, आणि सगळ्यात मागे, वरातीकडे पाठ फिरवून उभी, नवऱ्यामुलाची रुसलेली आत्या.

मुलगा मकरंद सॉफ्टवेअरमध्ये. या उद्योगाला तो "आईचा टाइमपास" म्हणायचा. प्रेमाने म्हणायचा, हीच पंचाईत. रागाने म्हणाला असता तर निदान भांडता आलं असतं.

लायब्ररीत प्रदर्शनाची नोटीस वाचून आली ती सून, भाग्यश्री.

"आई, वरात देऊ या आपली."

"टेबलावर ठेवतील गं," मकरंद लॅपटॉपमधून म्हणाला. "लोकरीच्या टोप्यांच्या शेजारी. बरंय की, आईचा टाइमपास होईल."

"टेबल नको," स्नेहलताबाई म्हणाल्या. "चाळीस वर्षं मांडवात टेबलावरच मांडतेय. चौथरा देत असतील तर वरात निघेल, नाहीतर घरीच बसेल."

भाग्यश्रीच्या डोळ्यांत चमक आली. कॉलेजात असताना या मुलीने प्राचार्यांच्या सहीने दोनदा सुट्टी जाहीर केली होती.

निवड समितीच्या अध्यक्ष हेदरबाई. गळ्यात बटाट्याएवढे मणी. "किया ओरा," असा माओरी नमस्कार करून त्यांनी वरातीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, याचा उपयोग काय?

"उपयोग कसला डोंबल्याचा! लग्नात मांडायचं, कोणी हात लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी माळ्यावर."

भाग्यश्रीने भाषांतर केलं: त्यांचं काम पुण्यातल्या कित्येक खासगी संग्रहांत सुरक्षित आहे.

हेदरबाईंनी काहीतरी टिपून घेतलं. हे करावंसं का वाटलं?

"वेळ जात नव्हता."

"काळाच्या ओघाशी त्यांचा संवाद चालू असतो," भाग्यश्री इंग्रजीत म्हणाली.

मग हेदरबाई आत्यापाशी थबकल्या. खाली वाकल्या. चष्मा काढून पुन्हा लावला. ही एकटीच पाठ फिरवून का उभी आहे?

"मानाची साडी पसंत पडली नाही तिला," स्नेहलताबाई म्हणाल्या. "पाच वार कॉटन दिलीन. मीसुद्धा रुसले असते."

भाग्यश्रीने एक मोठा श्वास घेतला. "उत्सवी समाजव्यवस्थेतलं स्त्रीचं परकेपण."

समितीतल्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. हेदरबाईंचा आवाज खाली आला. किंमत काय लावायची?

"किंमत कसली मेली? आवडली तर घेऊन जा म्हणावं."

"विकायची नाही," भाग्यश्री म्हणाली.

झालं. (जी वस्तू फुकट देतात ती हस्तकला, जी विकत देतात ती बरी कला, आणि जी देतच नाहीत ती थोर.) "स्वीट ॲज," म्हणजे तिकडचं 'झकास', हेदरबाई पुटपुटल्या आणि दाराजवळचा मोठा चौथरा, वर स्वतंत्र दिव्यासह, मंजूर झाला.

उद्घाटनाला मकरंद ऑफिसातून परस्पर आला, बरोबर दोन सहकारी. सवयीने तो आधी टेबलाकडे गेला. टोप्या, मार्मलेडच्या बाटल्या, उशांचे अभ्रे. वरात नव्हती. मागे वळला तर दिव्याखाली घोडा चमकत होता आणि पाटीवर आईचं नाव, आडनावासकट.

मकरंदने हात मागे बांधले. मान तिरपी केली. (हे कोणी शिकवत नाही, चौथरा दिसला की आपोआप होतं.) खुलासा दोनदा वाचून तो सहकाऱ्यांना गंभीरपणे म्हणाला, "माय मदर्स प्रॅक्टिस, यू नो. हीप्स ऑफ लेयर्स."

स्नेहलताबाई खांबाआड उभ्या राहून ऐकत होत्या. टाइमपास गेला, कलावंतांची असते ती प्रॅक्टिस आली! त्यांनी पदराने तोंड दाबलं, पण हसू काही आवरेना.

तेवढ्यात मकरंदने त्यांना गाठलं.

"आई, ती आत्या पाठ करून उभी आहे, हे माझ्या कधी लक्षातच आलं नाही गं."

"कसं येईल? दोन आठवडे मायक्रोवेव्हवर होती. तू रोज तिला बाजूला सरकवून वरण गरम करायचास."

"मग सांगायचंस ना!"

"सांगायला घेतलं होतं रे. 'नंतर' म्हणालास."

वाचकहो, मकरंदला हसू नका. हीच हकीकत तुमच्या आईने मेथी निवडता निवडता सांगायला घेतली असती, तर सुपाऱ्या दुकानातून घरी यायच्या आत तुम्ही उठून गेला असतात. छापून आली, वर शीर्षक होतं, म्हणून शेवटपर्यंत वाचलीत. मानही थोडी तिरपी झालीय तुमची. करा सरळ.