शीतकक्षाची कडी

या इमारतीत आपल्याला कळल्याशिवाय टाचणीसुद्धा पडत नाही, असं व्यवस्थापक बाई छातीठोकपणे सांगत. कॅन्सर संशोधनाच्या संयुक्त कार्यक्रमाचा सगळा कारभार त्यांच्या हाती होता. ‘संयुक्त’ म्हणजे पेशींचा अभ्यास करणारे डॉक्टर आणि औषधं तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई. या दोघांमधून विस्तव जात नव्हता. एकाचा निरोप दुसऱ्याला जायचा तो बाईंच्या तोंडूनच, तोही थोडं पाणी घालून.

आणि आता हे दोघं बोलायला लागले होते! बाई दिसल्या की चिडीचूप.

“अगं, बोलतायत ना? मग चांगलंच झालं की,” घरी नवरा म्हणाला.

“चांगलं कसलं? परवा तपासणी समिती येतेय. दोघं मिळून वेगळी चूल मांडणार आणि कार्यक्रम गुंडाळणार. मग मी घरी.”

“घरी?” नवऱ्याचा चेहरा पडला. “मग थांबव बाई काहीतरी करून.”

बाईंनी दुसऱ्याच दिवशी बैठकीच्या सगळ्या खोल्या स्वतःच्या नावावर अडवून टाकल्या. आता बसा कुठे कट शिजवायला ते बघू!

समितीच्या दिवशी सकाळी दोघं जिन्याखाली कुजबुजताना दिसले आणि पाठोपाठ शीतकक्षात शिरले. रुग्णांचे नमुने ठेवायची ती थंडगार खोली. बाईंनी अर्धवट लोटलेल्या दाराला कान लावला. काही ऐकू येईना, म्हणून हळूच आत सरकल्या. मागे दार धाडकन लागलं.

“दार लावू नका!” दोघं एका सुरात ओरडले. “कडी आतून उघडत नाही!”

बाईंना ठाऊक होतं. कडीची तक्रार त्यांच्याच टेबलावर पडली होती. दुरुस्तीला दोन्ही प्रयोगशाळांची सही लागते हा बाईंचाच नियम, आणि दुसऱ्याच्या खाली सही करायला दोघंही तयार नव्हते. फोनला आत रेंज नव्हती.

“इथे चाललंय काय?” बाईंनी कुडकुडत दरडावलं.

“याच नमुन्यांवर माझं औषध लागू पडतंय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “ते एकत्र तपासतोय.”

“मग मला का नाही सांगितलं?”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “तुम्हाला सांगितलं की बैठक होते,” डॉक्टर म्हणाले. “बैठकीत आम्ही भांडतो. इथे भांडायला सवडच नसते, थंडी वाजते.”

इतकी वर्षं ज्यासाठी घसा कोरडा केला ते बाईंना चुकवून चाललं होतं, हे त्यांच्या मनाला फार लागलं.

शेवटी दार उघडलं ते समितीने. संचालक त्यांना इमारत दाखवत होते. आत एकाच जाड कोटाखाली तिघं चिकटून उभे होते.

“इतकं जवळचं सहकार्य आम्ही कुठेच पाहिलं नाही,” समितीच्या अध्यक्षा म्हणाल्या. “कसं जमवलंत?”

“मी यांना बसायला खोलीच मिळू दिली नाही,” बाई दात वाजवत म्हणाल्या.

कार्यक्रमाला मुदतवाढ मिळाली, बाईंची खुर्चीही राहिली. आठवडाभरात त्यांच्या टेबलावर दोन्ही डॉक्टरांच्या सहीचा पहिलावहिला संयुक्त अर्ज आला. कडी दुरुस्त करावी, आणि आतून लावायला एक खिट्टीही बसवून मिळावी.