बर्फावरची गाडी

"माझ्या चित्रपटात नट नाही, संवाद नाही, कथा तर औषधालाही नाही!" चर्चच्या तळघरात कॉफीचा कप उंचावून लेलंड क्विस्टने जाहीर केलं.

"मग आहे काय?" हार्डवेअरच्या दुकानाचा मालक व्हर्लिन बाके याने विचारलं.

"बर्फ!"

बर्फ तर मिनेसोटातल्या त्या तळ्याकाठच्या गावाला फुकट बघायला मिळत होता. तो बघायला मिनिआपोलिसहून कॅमेरा घेऊन माणूस येतो म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे गावाने तिथल्या तिथे ओळखलं. बोललं मात्र कोणी नाही. बोलायची तिथे पद्धत नाही.

पद्धत होती ती वेगळीच. हिवाळ्यात इंजिन काढलेली एक खटारा गाडी गोठलेल्या तळ्याच्या मधोमध नेऊन ठेवायची, आणि बर्फ वितळून ती कधी बुडणार याचा दिवस नि वेळ प्रत्येकाने तिकिटावर लिहून द्यायची. गाडीची दोरी काठावरच्या घड्याळाला बांधलेली. गाडी गेली की घड्याळ बंद! ज्याचा अंदाज जवळचा, त्याला बक्षीस. यंदा म्हशीएवढा फ्रीझर होता. स्पर्धेचा अध्यक्ष अर्थातच व्हर्लिन.

लेलंडला फ्रीझर नको होता, ते बुडणं हवं होतं. एकच सलग दृश्य, कॅमेऱ्याला मानवी हात लागणार नाही, अशी त्याची प्रतिज्ञा! त्याचा आधीचा चित्रपट एका सरकत्या जिन्यावर होता. तो शेवटपर्यंत फक्त त्याच्या आईने पाहिला, तोही घोरत. पैसे पुरवणाऱ्या कलासंस्थेने बजावलं होतं, ही शेवटची संधी. गाडी बुडताना दिसली तरच लेलंड तरणार.

काठावर त्याने काचेची खिडकी असलेल्या लाकडी खोक्यात कॅमेरा बसवला. दुसऱ्याच दिवशी व्हर्लिन हजर!

"आत हीटर आहे म्हणे?"

"बॅटरी गारठू नये म्हणून."

"हो का! तळं तापवायला नाही ना?"

"अहो, तळं केवढं, हीटर केवढा!"

"नाही, मी आपलं सहज विचारलं," व्हर्लिन म्हणाला, आणि त्या दिवसापासून रोज उजाडल्यावर घडीची खुर्ची टाकून, दुर्बीण लावून खोक्याकडे सहज बघत बसू लागला.

इकडे लेलंडलाही संशयाने पछाडलं. रोज पहाटे कॅमेऱ्यातलं चित्र काळंकुट्ट व्हायचं आणि काही वेळाने आपोआप उजळायचं. संस्थेला त्याने 'अंधाराचं मौन' म्हणून कळवलं. संस्था बेहद्द खूश! पण गाडी नेमकी त्या मौनातच बुडाली तर?

"हा बाक्याच!" तो घरमालकीण आर्डिसबाईंना म्हणाला. "रोज पहाटे माझा कॅमेरा झाकतो!"

"व्हर्लिन तसा नाही रे बाळा," आर्डिसबाईंनी त्याच्या ताटात ओव्हनमध्ये भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशचा आणखी एक डोंगर रचला. "झाकत असेल बिचारं कोणी, चांगल्या मनाने."

चांगल्या मनाने? ही बाईसुद्धा सामील आहे की काय! पण हॉटडिश फक्कड झाली होती, म्हणून हा संशय त्याने जेवण होईपर्यंत बाजूला ठेवला.

एप्रिलमध्ये बर्फ काळवंडला, वितळायच्या बेतात आला. लेलंडने छातीवर दगड ठेवून प्रतिज्ञा मोडली. फक्त एका पहाटेपुरता त्याने कॅमेरा तळ्याकडून वळवून पायवाटेकडे लावला. एका पहाटेत काय गाडी बुडते! मग आर्डिसबाईंच्या दिवंगत नवऱ्याची बर्फ फोडायची पहार घेऊन तो झुडपामागे दबा धरून बसला. पहार आपली स्वसंरक्षणासाठी.

पावलं वाजली. लेलंडने झेप घेतली.

"सापडलास बाक्या!"

"अगं बाई!" आर्डिसबाईंच्या हातात लाल लोकरीची भलीमोठी कानटोपी होती. "केवढ्याने ओरडतोस! या खोक्याला घालायला आले होते. पहाटेच्या थंडीत बिचारं उघडं! माझी कॉफी झाली की काढते ना मी रोज."

तेवढ्यात पाठीमागे कड्कड् झालं. मग गुडुप!

दोघं वळेपर्यंत तळ्यावर चार बुडबुडे उरले होते. कॅमेरा अजून आर्डिसबाईंकडेच बघत होता.

रविवारी चर्चच्या तळघरात व्हर्लिनने विजेत्याचं नाव वाचलं. मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

"लेलंड क्विस्ट."

"मी तिकीटच घेतलं नाही!" लेलंड किंचाळला.

"मी घेतलं तुझ्या नावाने," आर्डिसबाई म्हणाल्या. "पाहुण्याला एकटं वाटू नये. पहाटेची वेळ टाकली, मी तेव्हा जागीच असते."

"योगायोग," व्हर्लिन इतक्या प्रेमाने म्हणाला, की त्यापेक्षा शिवी परवडली असती. "आणि तुमच्याकडे तर सगळं टिपलेलं आहे. दाखवा की! शंकाच नको."

दाखवावं लागलं. पडद्यावर पायवाट. झुडूप. झुडपातून पहार उगारून आर्डिसबाईंपुढे उडी मारणारा लेलंड. पाठोपाठ बर्फ फुटल्याचा आवाज. गुडुप.

दिवे लागले. एका म्हातारीने केकची ताटली हळूच त्याच्यापुढे सरकवली.

"घड्याळ म्हणजे घड्याळ," व्हर्लिन म्हणाला. "फ्रीझर तुमचा. आता बर्फ घरच्या घरी मिळेल, एवढ्या लांब यायला नको."

कलासंस्थेचा एकच प्रश्न आला: अंधाराचं मौन कुठे गेलं?

फ्रीझर लेलंडच्या खोलीच्या दारातून आत जाईना, म्हणून तो आर्डिसबाईंच्या तळघरातच राहिला. सध्या त्याच्यावर लाल कानटोपी आहे. आत फार थंडी असते ना!