टोक खाली असलेला त्रिकोण

शामलाच्या चित्रात एक लाल त्रिकोण होता आणि दुसरं काहीही नव्हतं. पांढऱ्या कॅनव्हासच्या मधोमध, टोक खाली, प्रत्येक बाजू अठरा इंच. इथवर यायला तिला चार महिने लागले होते. आधी तिथे बैल होता, मग बैलाचं तोंड, मग नुसता आकार.

तिच्या वडिलांनी, मनोहररावांनी, नागपुरातल्या सदर भागातल्या घराची रस्त्याकडची खोली प्रदर्शनासाठी तीन दिवस दिली होती. अट एकच. कोणी एकानं तरी स्वतःहून मागून, मोबदला देऊन चित्र नेलं, तर चित्रकलेचं शिक्षण पुढे चालू. नाहीतर बी.एड. करायचं. अर्ज त्यांनी आणूनच ठेवला होता.

लांबून दिसावा म्हणून शामलानं त्रिकोण दाराबाहेर टांगला. पहिल्या दिवशी कोणीही आत आलं नाही. पुरुष रस्ता ओलांडून पलीकडून जात होते. एक सायकलवाला तर चित्र पाहून आल्या वाटेनं परतला. लोक बुजत असावेत, असं अनुमान काढून दुसऱ्या दिवशी तिनं त्रिकोणाखाली सुबक अक्षरांत पाटी लावली: "आत या. घाबरू नका. फक्त पाच मिनिटं. विनामूल्य."

मग रस्त्याची पलीकडची बाजूही ओस पडली.

साल १९७२. तो त्रिकोण प्रत्येक सरकारी दवाखान्यावर आणि एस.टी.च्या पाठीवर होता. कुटुंबनियोजनाची ती खूण नागपुरात सगळ्यांना ओळखू येत होती. शामलाला मात्र चार महिने त्यात फक्त लाल आणि पांढऱ्याचं प्रमाण दिसत होतं. मनोहररावांच्या लक्षात पाटी लागली त्या सकाळीच आलं होतं. पण लग्न न झालेल्या मुलीपाशी हा विषय काढायचा कसा? त्यांनी ते काम बायकोवर सोपवलं. कौसल्याबाईंनी ते परत त्यांच्यावर सोपवलं.

त्याच दुपारी भिवापूरचे रुपराव आले. मिरची विकायला आलेला माणूस. चपला दाराशी काढून ते बाकावर बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

"डाक्टर कुठी हायेत?"

"डॉक्टर कशाला? इथलं सगळं मीच करते."

रुपरावांनी डोळे उघडले. "तुमी? शिकलेल्या हा ना?"

"तिसरं वर्ष चालू आहे."

"म्हंजे अजून शिकूनच राहिल्या."

कशानं करता, असं त्यांनी बारीक आवाजात विचारलं. कोणीतरी प्रथमच तंत्राबद्दल विचारत होतं, म्हणून शामलानं आनंदानं रंगाची सुरी दाखवली. ब्रशनं कडा इतकी साफ येत नाही, असं ती सांगत होती, तेव्हा बाकावर कोणी नव्हतं. चपला दाराशीच राहिल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या चपला न्यायला जिजाबाई आल्या. रुपरावांची बायको, डोक्यावर मिरचीचं बोचकं. पोरं पाच झाली, आता पुरे, म्हणून त्यांनीच नवऱ्याला नसबंदीसाठी धाडलं होतं. शामलाला सगळा उलगडा त्यांनीच केला. ती त्या त्रिकोणाहून लाल झाली.

"मंग त्यो घरी आला," जिजाबाई म्हणाल्या, "आन् खाट उचलून आपल्या हातानं गोठ्यात नेली. म्या काही म्हनलं बी नाही. बाई, हे चित्र मले द्या. माह्या खोलीच्या दारावर लावीन."

बोचकं खाली उतरलं. त्यात पाच किलो भिवापुरी मिरची होती. दारात उभ्या असलेल्या मनोहररावांना तीन शिंका आल्या. अट पुरी झाली होती. तरी त्यांनी, बाई, तुम्हाला यात नेमकं काय दिसलं, असं विचारून पाहिलं.

"काहीच नाही त्याच्यात. तेच बरं हाय. ज्यानं पायलं, त्यानं आपलं समजून घ्यावं."

प्राध्यापकांनी तीन वर्षांत हे इतक्या नेमकेपणानं सांगितलं नव्हतं. शामला चित्र जुन्या चादरीत गुंडाळू लागली.

जिजाबाईंनी ते डोक्यावर घेतलं, पायरी उतरल्या आणि थांबल्या.

"आनखी एक काढून ठेवा वं. पन चांगलं मोठं. कन्हानले माही जाऊ हाय, तिचा नवरा काही याच्यासारखा भेकड नाही."