स्वयंपाकघरातून आलेलं उत्तर

पांढरीपांडे मास्तरांना कुणी ‘राम राम’ म्हटलं की ते उलट राम राम करत नसत. “एकशे शहाण्णवचं वर्गमूळ?” असं विचारत. समोरचा “चौदा” म्हणाला तरच गाडी पुढे. आमच्या दीक्षितपुऱ्यातला दूधवालासुद्धा लांबूनच “चौदा, मास्टरजी, चौदा!” ओरडत निसटायचा. त्याला वाटायचं, उत्तर रोज तेच असतं.

तेव्हा जबलपूर मध्यप्रांतात होतं, आणि मुलींना मिडलपर्यंत शिकवणं म्हणजे पुष्कळ झालं असं समजत. मास्तरांना ते पुष्कळ वाटत नसे. आम्हा चौघी-पाचजणींना ते संध्याकाळी आपल्या ओसरीवर फुकट शिकवत. “तीन, चार, पाच! पाच, बारा, तेरा! ही बाराखडी आहे, पोरींनो. जी चुकली तिचं लग्न काटकोनात होणार नाही!” म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक नसावं. पण माझ्या मावशीच्या लग्नात त्यांनी खरंच दोरी लावून मांडव मोजला आणि तो तिरपा निघाला म्हणून दोन खांब उपटायला लावले. मांडववाला कळवळून म्हणाला, “मास्टरजी, दूल्हा नापने थोड़ी आएगा!”

“मैं तो आया हूँ ना, भैया,” मास्तर म्हणाले.

एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला विचारलं, “काटकोनाच्या दोन बाजू वीस आणि एकवीस. कर्ण किती?”

आम्ही सगळ्या आढ्याकडे पाहू लागलो.

“एकोणतीस,” आतून आवाज आला.

आत फक्त काकू होत्या. मास्तरांच्या बायको. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, कधी मोठ्यानं न बोलणाऱ्या. मास्तर उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

“तुला कसं येतं हे?”

“रोज ओरडून शिकवता. मी काय कान बंद करून राहिली?”

“आठ आणि पंधरा?”

“सतरा. आणि सरका जरा, भात लागून राहिला.”

मास्तर बाहेर आले, खाली बसले आणि म्हणाले, “जा ग पोरींनो घरी.” अंधारही पडला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून काकू आमच्या शेजारी चटईवर बसू लागल्या. लिहायला-वाचायला त्यांना दोन वर्षं लागली. तेवढ्या काळात पोळ्या मास्तर लाटत. पोळ्यांना चार कोपरे यायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, “चौरस आहे. गोल कोणीही करतं.” त्यांचे थोरले भाऊ गावातल्याच चेरीताल मोहल्ल्यातून भांडायला आले, “या वयात बायकोला परीक्षेला बसवून राहिला? लोक काय म्हणतील?” मास्तरांनी त्यांना पाटावर बसवलं आणि तीच पोळी वाढली. भाऊ जेवून गेले, पुन्हा त्यावर बोलले नाहीत.

पुढे काकू माझ्याबरोबरच मिडल पास झाल्या, गणितात माझ्या पुष्कळ वर. पण मला निकालापेक्षा पेपरचा दिवस आठवतो. आम्ही दोघी बाहेर आलो तेव्हा फाटकाबाहेर आईबापांची गर्दी होती. प्रत्येक जण आपापल्या मुलीला पेपरचं विचारत होता. मास्तर एकटेच कडुलिंबाच्या झाडाखाली होते. सावली केव्हाच पलीकडे सरकली होती, ते तिथेच उन्हात बसलेले. मांडीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेला पाण्याचा तांब्या.

त्यांनी काही विचारलं नाही. तांब्या पुढे केला. काकू पाणी प्यायल्या. मग त्यांच्या बोटांना लागलेली शाई मास्तरांनी, तिथेच, सगळ्यांसमोर, आपल्या उपरण्यानं पुसायला घेतली.

“लोक पाहून राहिले,” काकू पुटपुटल्या.

“आपलं लग्न झालं तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस,” मास्तर खाली मान घालून म्हणाले. “तेव्हाच शाळेत घालायला पाहिजे होतं मी तुला.”

शाई निघत नव्हती. काकूंनी हात मागे घेतला नाही.