जीपचे मोठे टायर आणि दुर्गाआत्याचं टोपलं

"दोन बोटं!" जीपच्या चाकामागून डोकं बाहेर काढत दीक्षानं जाहीर केलं. "बाबा, टायर अन् मडगार्डच्या मधात पुरी दोन बोटं जागा आहे. आता हे टायर जन्मात घासत नाहीत!"

नाकावर ग्रीस, केसांत खडूची भुकटी आणि चेहऱ्यावर असा थाट, की जणू चाकाचा शोध हिनंच लावला! अकरावीतली पोर, पण महिनाभर व्हिडिओ पाहून मोठे टायर बसवण्याच्या विद्येत अशी तयार झाली होती, की अमरावतीतल्या तमाम मेकॅनिकांनी तिच्या शाळेचे आभार मानावेत. निदान दुपारपर्यंत तरी ती तिथं अडकून असायची!

"बोटं तुयी का मायी?" देवरावांनी पेपराआडून विचारलं.

"बाबा!"

देवरावांचा प्रश्न उगीच नव्हता. अंगणातली ही जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह जीप त्यांना विकायची होती. अकोल्याचं एक गिऱ्हाईक सोमवारी येणार होतं. आणि दीक्षाला त्याच जीपमधून सेमाडोहच्या जंगलात जायचं होतं! बारक्या टायरांवर जीप दगडगोट्यांत पोट घासायची, म्हणून सुगतकाकानं अकोल्याच्या भंगारबाजारातून हत्तीच्या पायासारखे चार जाडजूड टायर आणले. ते बसवले, तर पोटाऐवजी टायरच मडगार्डला घासायला लागले. मग दीक्षानं मडगार्डच्या आतलं प्लास्टिक कापलं, पत्र्याची कड काकाकडून ठोकून सपाट करून घेतली, आतून खडूची भुकटी फासली आणि काकाला स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. टायरला खडूचा ठिपकासुद्धा लागला नाही!

"ठीक आहे," देवराव म्हणाले. "उद्या रविवार. सुगत, तू गाडी चालव. परतवाड्याले दुर्गाताईकडे जा अन् वापस या. गल्लीच्या तोंडावर, नालीवरच्या रपट्यापाशी, त्या बुटक्या पुलापाशी, मी उभा राहतो. तिथं वळताना टायर घासले नाहीत, तर जीप आपली, अन् नाताळात सेमाडोह. घासले, तर परवा जीप अकोल्याले. माह्या कानानं ऐकीन!"

"मंजूर!" दीक्षा म्हणाली. एवढ्या जोरात, की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं उडाली.

जाताना जीप काय चालली म्हणता! वळणावर लोणी, खड्ड्यात लोणी. दर वळणाला दीक्षा खिडकीबाहेर कान काढायची आणि ओरडायची, "काका, ऐकलं का?"

"काय?"

"काहीच नाही! तेच तर!"

परतवाड्याला दुर्गाआत्या दारातच उभी होती. "काव पोरी, जीप आणली का हत्ती?" म्हणत तिनं चाकाला हात लावून पाहिला. जेवणं झाली, जय भीम घालून दोघं निघाली, तर मागं संत्र्यांची तीन टोपली, तूरडाळीचं पोतं आणि लोणच्याचा डबा चढलेला.

"आत्या, बस झालं!" दीक्षा कळवळली.

"बस कशी? एवढी मोठी गाडी केली ते काहून मंग?"

म्हणत आत्यानं लोणच्याचा डबा आणखी आत रेटला.

आणि गावाबाहेरच्या पहिल्याच वळणाला... खर्रर्रर्र!

काकानं करकचून ब्रेक मारला. दीक्षानं खाली उडी टाकून मडगार्डखाली बोटं सरकवली. दोन बोटं गेली नाहीत. एक बोट गेलं नाही. नखसुद्धा अडकलं! ती मट्कन रस्त्याच्या कडेला बसली. तिनं जागा मोजली होती, वळण तपासलं होतं, पण सगळी परीक्षा घेतली होती ती रिकाम्या जीपची! आता ओझ्यानं जीप खाली बसली होती आणि मडगार्ड टायरवर टेकलं होतं.

"आता?" काका म्हणाला.

"आता वाटत जायचं," दीक्षा उठली. हार मानणाऱ्यांतली ती नव्हतीच. "वलगावले पुंजाराममामा आहेत नं. संत्री त्यायले, डाळ त्यायले, लोणचं त्यायले. जीप हलकी, काम फत्ते!"

वलगावपर्यंत काकानं जीप अशी चालवली, जणू मागं संत्री नाहीत, झोपलेलं तान्हं बाळ आहे. पुंजाराममामा म्हणजे दीक्षाच्या आईचे मोठे भाऊ. चालतंबोलतं कापसाचं बोचकं, फक्त कापसाइतके हलके नाहीत. भाचीनं दारात सगळा माल उतरवलेला पाहून त्यांचे डोळेच भरून आले.

"एवढं मायासाठी? पोरी, तुया जीव लई मोठा!"

"टोपली तेवढी द्या मामा, आत्याची आहेत."

इथंच चुकलं! मामांचा चेहरा एकदम गंभीर झाला. "टोपलं का कोणी रिकामं देते? माणसात आहे का नाई आमी?"

मामा आत गेले आणि एकेका टोपल्यात एकेक कोहळं घेऊन आले. प्रत्येक कोहळं ट्रॅक्टरच्या सीटएवढं! डाळीचं पोतं परत आलं ते रताळ्यांनी गच्च भरून. लोणच्याच्या डब्यात गूळ. आणि हे सगळं चढवून झाल्यावर मागच्या सीटवर, डाव्या चाकाच्या बरोब्बर वर, स्वतः मामा.

"मले बी अमरावतीले यायचंच होतं. दाताच्या डॉक्टरकडे. योग पाहा कसा जुळला!"

जीप हुंदका दिल्यासारखी खाली गेली. आता वळायचीही गरज नव्हती. साध्या खड्ड्यातही खर्रर्र!

"हे काय वाजून राह्यलं, सुगतभाऊ?" मामांनी विचारलं.

"काही नाही, नवा टायर आहे. बोलते थोडासा."

अमरावती जवळ आली तशी दीक्षा मागच्या टोपल्यांकडे वळून वळून पाहायला लागली. वाटेत बुधाजींचं चहाचं दुकान होतं. तिथं चहा घेतला आणि सगळ्यांची नजर चुकवून तिनं एक टोपलं कोहळ्यासकट बाकाखाली सरकवलं. "काका, चला! जोरात!"

मैलभर गेले नसतील, मागून मोटरसायकल आली. हॉर्नवर हॉर्न! बुधाजी, आणि टाकीवर कोहळ्याचं टोपलं.

"ओ ताई! कोहळं राह्यलं नं तुमचं! केवढी धांदल!" त्यांनी टोपलं जीपमध्ये ठेवलं, वर झाकण लावलेलं पातेलं ठेवलं. "अन् हे आलुबोंडे. गरम हायेत. एवढ्या दूर आलो, तं हात हालवत कसा येऊ? पातेलं द्या सावकाश आणून."

दीक्षाला रडावं का आलुबोंडा खावा, कळेना. तिनं दोन्ही केलं.

गल्लीचं तोंड आलं. रपट्यापाशी देवराव हात मागे बांधून उभे, परीक्षेच्या हॉलमधल्या सुपरवायझरसारखे.

"मामा," दीक्षा गोड आवाजात म्हणाली, "इथून पायी जायचं का? हवा छान आहे."

"काहून? मी का जड झालो तुमाले?"

आता याला हो कोण म्हणणार? "काका," ती कुजबुजली, "हॉर्न! सोडूच नको!"

पोंऽऽऽ! जीप वळायला लागली. पोंऽऽऽ! गल्लीतली कुत्री भुंकू लागली, पोरं पळत आली, समोरच्या काकूंनी खिडकी उघडली. देवरावांनी हात वर केला. "सुगत! येडा झाला का? हॉर्न काहून वाजवून राह्यला?"

मोठ्या भावाचा आवाज ऐकून सुगतकाकाचा हात आपोआप हॉर्नवरून निघाला. आणि त्या शांततेत, रपट्याच्या बरोब्बर मधात...

खर्रर्रर्रर्रर्र!

असा आवाज, की कुत्रीसुद्धा गप्प झाली.

"घासलं," देवराव म्हणाले.

"घासलं," दीक्षा म्हणाली. तिचा आवाज टायरपेक्षा बारीक झाला होता.

"उद्या अकोल्याचा माणूस येते."

अंगणात सामान उतरायला लागलं. आई एकेक भांडं हातात घेऊन मोजत होती. "ही तीन टोपली दुर्गाताईची. पोतं पण त्यायचंच. डबा पुंजारामदादाचा का त्यायचा? अन् हे पातेलं कोणाचं वो?" असं म्हणता म्हणता तिनं एका टोपल्यात पापड भरायलाही घेतले होते.

"हे काय करून राह्यली?" देवरावांनी विचारलं.

"वापस पाठवायचे नं! रिकामे का पाठवू? तुमच्याच बहिणीकडे?"

देवराव टोपल्यांकडे पाहत राहिले. मग पातेल्याकडे. मग पुंजाराममामांकडे, ज्यांना दात दाखवून वलगावला परत सोडायचं होतं. हे सगळं एस.टी.त चढवताना कंडक्टर काय म्हणेल, तेही त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असावं. त्यांनी खिशातून मोबाईल काढला.

"हॅलो, अकोल्यावाले भाऊ? पुढच्या सोमवारी या बाप्पा. जरा भांडी वापस करायची आहेत."

पुढच्या रविवारी भांडी परत गेली. पापडांच्या बदल्यात ज्वारी आली, ज्वारीची पोती परत करताना त्यात शेंगदाणे गेले, आणि अकोल्याच्या माणसानं तीन सोमवार वाट पाहून फोन करणंच सोडलं. जीप वाचली! नाताळात सगळे सेमाडोहलाही जाऊन आले. हां, जुन्या, बारक्या टायरांवर, आणि दगडगोटा आला की सगळ्यांनी खाली उतरून!

मग ते मोठे टायर? ते गच्चीवर आहेत. आईनं त्यांत माती भरून वांगी लावली. दर रविवारी ती वांगी टोपल्यात बसून जीपमधून परतवाड्याला जातात.

आणि मोठ्या टायरांचं कोणी विचारलं, की दीक्षा अजूनही छातीठोकपणे सांगते, "जीप रिकामी असली, तर पुरी दोन बोटं जागा राहते! अजिबात घासत नाहीत!"