धुक्यातला डावा पाय

पिशवीत एकूण सात आधार होते. गुडघ्याच्या साध्या नी-कॅप दोन, दोन्ही बाजूंना बिजागरी असलेला गुडघ्याचा पट्टा एक, कमरेचा पट्टा एक, घोट्याचा एक, कोपराचा एक आणि मानेची कॉलर एक. सगळे कोरे, सगळे कातडीच्या रंगाचे. सेजलने ते हरिबाच्या ओटीवर घोंगडीवर ओळीने मांडले, तेव्हा एखादा माणूस सुटा करून ठेवल्यासारखं दिसलं.

"यातलं तुझ्या कामाचं एकच आहे, आजा," ती म्हणाली, "पण निवड करायची तर सगळं समोर पाहिजे. माप चुकलं नाही, की बरं होणंही चुकत नाही!"

सेजल बी.एस्सी. झालेली. महाडला सर्जिकलच्या दुकानात कामाला लागल्यापासून आपण एकाही गिऱ्हाइकाला चुकीच्या मापाचा पट्टा दिलेला नाही, हे ती न विचारता सांगत असे. पोलादपूरच्या वर, जिथे ढग घरात शिरून अंथरूण ओलं करतात अशा या वाडीत ती आली होती आजोबांचा गुडघा वाचवायला. माळावरच्या शेवाळलेल्या कातळावरून हरिबा घसरला होता. हाड शाबूत होतं, शिरा ताणल्या होत्या आणि गुडघा पिकल्या फणसासारखा फुगला होता.

खरी भीती गुडघ्याची नव्हती, विनोदकाकाची होती. मुंबईहून त्याचा फोन आला होता, "पितृपक्षात म्हाळाला येतोय मी. बाबांची सूज उतरत नसेल तर गाय विकायची, घराला कुलूप घालायचं आणि बाबा माझ्याबरोबर. एकट्या माणसाला डोंगरावर किती दिवस ठेवायचं?" हरिबा मुंबईत एकदाच आठवडाभर राहिला होता. चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून रोज खाली बघायचा आणि विचारायचा, "जमीन कुठं हाय रे?"

म्हणून सेजलने टेप लावला, गुडघ्याच्या वर मोजलं, खाली मोजलं, मधे मोजलं आणि बिजागरीचा पट्टा निवडून स्वतःच्या हाताने बांधला. पाय वाकला की बिजागरी 'कट्' वाजायची.

"आणि ऐक, आधार दुखल्यावरच बांधायचा असतो असं नाही. आधीच बांधला तर दुखणं येतच नाही!"

"दुखायच्या आधीच बांधायचा?"

"आधीच!"

हरिबाने पाय वाकवून बिजागरी दोनदा वाजवून बघितली. सेजलला वाटलं, पटलेलं दिसतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर जगच नव्हतं. अंगण नव्हतं, तुळस नव्हती, समोरचा माळ नव्हता. नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यातून येसूबाई धडपडत आली. शेजारीणच ती, पण आज तिच्या डोक्यावर हंडा नव्हता.

"गो सेजल! तळ्याकडं पाय हाय!"

"कुणाचा?"

"कुणाचा नाय! नुसता पाय! मांडीपासून पोटरीपातूर. वर मानूस नाय, खाली पाऊल नाय. आनि चालतोय!"

"मावशी, धुक्यात भास होतात."

"भास वाजतो का गो? कट्... कट्... हाडं वाजत हुती त्याची!"

हरिबा ओटीवर घोंगडी पांघरून पडला होता. सेजल गुडघा बघायला वाकली, तर त्याने घोंगडी आणखी ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं.

येसूबाईने पायाचा मालक दुपारपर्यंत शोधून काढला. तिच्या सासऱ्यांचा डावा पाय मुंबईच्या गोदीत क्रेनखाली सापडला होता. तिथल्याच दवाखान्यात तो कापला. सासरे कुबडी घेऊन गावी आले, इथंच वारले, इथंच जळले. पाय मात्र मुंबईलाच राहिला.

"पितर लागले ना, आता निघालाय घरला!"

"एवढ्या वर्षांनी?"

"एकला पाय, गो! लंगडी घालत घालत किती बिगीनं येनार?"

या हिशोबात सेजलला चूक काढता येईना, आणि तिला त्याचाच राग आला.

संध्याकाळी येसूबाईने तळ्याकाठच्या कातळावर भाताचं पान ठेवलं. सकाळी पान गायब. भात नाही, वडा नाही, केळीच्या पानाचा देठसुद्धा नाही!

"भूक बघ केवढी!" येसूबाईचे डोळे भरून आले.

"पायाला तोंड कुठलं, मावशी?"

"तुझ्या सायन्सला इचार."

त्याच सकाळी सेजलने खुंटीवरची पिशवी उतरवली, तर कमरेचा पट्टा नव्हता. तिने दोनदा मोजलं. "आजा, पट्टा बघितलास?" घोंगडीच्या आतून उत्तर आलं, "माझी कंबर चांगली हाय." ती विचार करत अंगणात आली, तोच तळ्याकडून येसूबाईची किंकाळी.

"कंबर आली गो! आता कंबर पन आली!"

सेजलने मागे वळून खुंटीकडे पाहिलं. पिशवीतून जे जात होतं, ते धुक्यात दिसत होतं.

आता बघायलाच हवं होतं. शास्त्र शिकलेल्या माणसाने किंकाळीवर नाही, निरीक्षणावर विश्वास ठेवायचा असतो. ती तळ्याच्या वाटेने निघाली. हात लांब केला की बोटं दिसत नव्हती. गवतावरचं पाणी सलवारीतून वर चढत होतं. पक्षी गप्प, वारा गप्प. मग समोरून, अगदी सावकाश, आवाज आला. कट्. थोडं थांबून, कट्.

आणि ते दिसलं. जमिनीपासून वीतभर वर एक पाय, गुडघ्यात वाकणारा, कातडीच्या रंगाचा. त्याच्या बरंच वर, थोडी पुढे, एक रुंद कंबर. मधे काही नाही. पाय थांबला की कंबरही थांबायची. मग कंबर हळूहळू खाली वाकली, पार जमिनीला टेकली, आणि कुणीतरी दीर्घ, ओला श्वास सोडला.

सेजलने निरीक्षण तिथेच थांबवलं. घरी आली तेव्हा तिची एक चप्पल माळावर राहिली होती.

"काय बघितलंस?" येसूबाईने विचारलं.

"डावा आहे," सेजल एवढंच म्हणाली.

"मी म्हनलं नव्हतं! रोज थोडं थोडं करून अख्खा मानूस जमतोय गो!"

पुढच्या दिवशी एक नी-कॅप गेली आणि माळावर दुसरा पाय आला. येसूबाई रोज पान ठेवी आणि रोज ते गायब होई. वाडीत चुली लवकर पेटेनात. आता हात येणार, मग शेवटी मुंडकं, आणि मुंडकं आल्यावर ते पहिला शब्द कुणाशी बोलेल, यावर दारोदार चर्चा! सेजल उरलेल्या पिशवीला गाठ मारून ती उशाखाली घेऊन झोपायला लागली. कॉलर मात्र तिने पिशवीतून काढून भाताच्या कणगीत खोल पुरली. मानेशिवाय मुंडकं कशावर बसणार?

म्हाळाचा दिवस उजाडला तो आणखी पांढरा. येसूबाईने कातळावर मोठं पान मांडलं: खीर, वडे, भाजी, भात. सगळी वाडी हात जोडून उभी. सेजल मागे, पळायच्या तयारीत.

एवढ्यात खालच्या वाटेने विनोदकाका वर आला. आला कसला, फेकल्यासारखा आला! खांद्यावरची बॅग उघडी, केस उभे.

"माझ्या बॅगेतले पाव गेले!" तो ओरडला. "कोणीतरी मागून खेचले! बघतो तर नुसती कंबर! हात नाही, काही नाही, पण पाव गेले!"

"हात कशाला?" येसूबाई कुजबुजली. "भूक आसली की मिळतं समदं."

कट्. सगळ्यांनी माना वळवल्या. कट्. धुक्यातून डावा पाय आला. त्याच्या शेजारी दुसरा. वर कंबर तरंगत होती. कट्. पानापासून हातभर अंतरावर येऊन सगळं थांबलं.

"मामंजी," येसूबाईने डोक्यावर पदर ओढून विचारलं, "मुंबईला लय हाल झालं का तुमचं?"

धुकं फाटलं आणि मुंडकं आलं. लांब, पांढरं, ओल्या नाकाचं, वर दोन शिंगं. त्याने खिरीत तोंड घातलं.

"ढवळे!" विनोदकाका किंचाळला.

पांढऱ्या धुक्यात पांढरी गाय! डाव्या पुढच्या गुडघ्याला बिजागरीचा पट्टा, आत फडकं गुंडाळून घट्ट केलेला. उजव्याला नी-कॅप. गळ्यात कमरेचा पट्टा, त्यावर सेजलने न काढलेली मापाची चिठ्ठी: एक्स्ट्रा लार्ज.

मागून हरिबा काठी टेकत आला. त्याच्या गुडघ्याला कसलाही पट्टा नव्हता, आणि तो गुडघा आता फणसापेक्षा मोठा होता.

"ती बी माझ्यासंग घसरली," तो म्हणाला. "दाव्यानं गळा सोलला, म्हनून घंटा काढून तिथं पट्टा बांधला. तिचा उजवा पाय चांगला हाय, पन पोरगीच म्हनली, दुखायच्या आधीच बांधायचा."

"आजा! तो तुझ्या मापाचा होता!"

"मला काठी हाय. तिला काय हाय?"

 विनोदकाकाने फोन बाहेर काढला. "बस्स! संध्याकाळीच टेम्पो सांगतो. गाय पोलादपूरला, बाबा मुंबईला!"

 हरिबाने गायीच्या पाठीवर हात ठेवला. 

"टेम्पो कुनाला सांगतोस रे?" येसूबाई कमरेला पदर खोचून पुढे झाली. "हिनं मामंजींचं पान खाल्लंय. आठवडाभर खातेय! त्यांच्या पोटात गेलेलं सगळं हिच्या पोटात हाय. हिला इकलीस तर मामंजी पुन्हा उपाशी!"

"मावशी, ती गाय आहे."

"मी आंधळी नाय. पन म्हाळ पोचला तो हिच्याकडूनच ना? मी नेईन तिला चरायला. तुझा बाबा खाटेवर पाय वर करून बसू दे. आनि तू घसा ताणू नको, पाव गेल्यावर कसा वरडत आलास ते समद्यांनी बघितलंय!"

वाडी हसली. विनोदकाकाने बॅगेची चेन लावली.

"दसऱ्याला येतो," तो म्हणाला. "सेजल, तोंडी नको, मापात दाखव मला. दुखरा गुडघा चांगल्याएवढा झाला असेल तर बाबा इथे. अर्ध्या सेंटीमीटरचाही फरक राहिला तर मुंबई."

सेजलने उरलेली साधी नी-कॅप हरिबाला चढवली. पट्टे परत मागायला ती गोठ्यात गेली, पण ढवळीने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती तशीच बाहेर आली. येसूबाई रोज गाय माळावर नेई आणि जाताना तिला "चला मामंजी" म्हणे. हरिबा खाटेवर, उशीवर पाय ठेवून, धुक्यात ऐकत बसे. कट्. कट्. आवाज लांब गेला की त्याला झोप लागे.

दसऱ्याला ऊन पडलं होतं. विनोदकाका टेम्पोवाल्याचा नंबर फोनवर काढूनच बसला. सेजलने दोन्ही गुडघे उघडे केले आणि वाटीच्या बरोबर मधून टेप फिरवला. एकदा माप घेतलं, टेप सोडला, पुन्हा घेतलं. विनोदकाकाने स्वतः वाकून आकडे वाचले.

चांगला गुडघा साडेअडतीस सेंटीमीटर. दुखरा गुडघा साडेअडतीस सेंटीमीटर.