तोंड अकरापर्यंत बंद

फ्यूजच्या सूचना वाचून आजवर कोणीही चुकलेलं नाही! हे फ्यूज स्वतःच सांगायचा, म्हणजे खरंच असणार. सर्किट बोर्डांच्या कारखान्यात कामगारांसाठी सूचना लिहिणं हाच त्याचा धंदा. "मोजकं लिहावं, फाटे फोडू नयेत," असं तो जेवतानाही बायकोला ऐकवायचा. लहानपणी त्यानं अख्ख्या इमारतीचा फ्यूज उडवला होता, तेव्हा आत्यानं हे नाव ठेवलं आणि ते कायमचं चिकटलं.

ही आत्या चार दिवसांसाठी आली होती. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं, आणि त्याचा तिच्यावर भारी जीव. आली त्याच दिवशी तिचं कानातलं यंत्र बंद पडलं. तेव्हापासून घरात सगळा संवाद फ्रिजच्या दारावर चिठ्ठ्या लावून. "दुकानात कशाला द्यायचं? मी काय मेलोय?" म्हणत फ्यूजनं यंत्र उघडलं. आत एक चिमुकला भाग निखळला होता. त्याला हवी होती सोल्डर पेस्ट, म्हणजे लोण्यासारखं राखाडी मलम, आत कथलाचे बारीक कण. ठिपका लावायचा, गरम हवा द्यायची, की जोड पक्का. पण ही पेस्ट फ्रिजमध्ये ठेवतात, आणि वापरण्याआधी डबी न उघडता चार तास बाहेर ठेवावी लागते. नाहीतर आत दमटपणा शिरतो आणि कामाचा विचका होतो.

फ्यूज आठला उठणारा, बायको सातला कामावर जाणारी. म्हणून संध्याकाळी त्यानं तिच्यासाठी फ्रिजवर चिठ्ठी लावली: "सकाळी सातला बाहेर काढणे. अकरापर्यंत बाहेरच ठेवणे. तोवर तोंड उघडू देऊ नये. जुनी झाली आहे, पण या वेळेपुरती चालवून घेऊ. नवीन आली की फेकून देऊ."

एक शब्द जास्त नाही!

सकाळी उठून पाहतो तर काय, आत्या दाराबाहेर जिन्यापाशी स्टुलावर बसलेली! पिशवी मांडीवर, हातात कागदाची घडी, ओठ घट्ट मिटलेले.

"आत्या, इथं का बसलीस?"

आत्यानं मान हलवली. त्यानं हातानं चहाची खूण केली. पुन्हा मान! मग तिनं मनगटावरच्या घड्याळात अकराच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि तोंड फिरवलं.

फ्यूजला काही उमजेना. तो फ्रिजपाशी गेला. पेस्टची डबी टेबलावर होती, पण दारावरची चिठ्ठी गायब! मग त्याला आत्याच्या हातातला कागद आठवला. त्यानं आपली सूचना मनातल्या मनात पुन्हा वाचली, आणि त्याला दरदरून घाम फुटला. तिच्यात 'पेस्ट' हा शब्दच नव्हता!

त्यानं बायकोला फोन लावला.

"अगं, सकाळी काय केलंस तू?"

"काय म्हणजे? सातला बाहेर काढली, तू लिहिलंस तसं!"

"काढली? काही बोलली का?"

"कोण बोलणार? तोंड बंदच आहे! डोकं फिरलंय का तुझं? भोंगा झाला, ठेवते."

तेवढ्यात खालचा शिंपी जिना चढून आला. "आज आत्याबाई बाहेर?"

"मी नाही काढलं!" फ्यूज ओरडला.

"मी कुठं म्हटलं काढलं?" शिंपी चक्रावून आल्या पावली परत गेला.

एकच्या गाडीनं आत्या जाणार होती. मनात हे घेऊन गेली, तर पुन्हा या घरात पाऊल टाकणार नाही! चिठ्ठी लिहून खुलासा करावा? छे! आज एक अक्षरही लिहायचं नाही. सांगायचं ते तिच्या कानात, स्वतःच्या तोंडानं! पण त्यासाठी यंत्र हवं, यंत्रासाठी पेस्ट हवी, आणि पेस्ट अकराशिवाय उघडायची नाही. नियम त्याचाच! तीन तास तो त्या डबीकडे टक लावून बसला.

अकराच्या ठोक्याला त्यानं झाकण उघडलं. ठिपका, गरम हवा, राखाडी मलम वितळून चकाकलं. यंत्र जोडून तो धावत बाहेर गेला आणि त्यानं ते आत्याच्या कानात बसवलं.

"आत्या, 'जुनी झाली आहे' हे तुला नव्हतं गं! 'या वेळेपुरती चालवून घेऊ' हेसुद्धा नाही! आणि 'फेकून देऊ' हे तर मुळीच नाही!" त्याचे डोळे भरून आले.

आत्यानं तोंडातून कापसाचा बोळा काढला.

"दाढ ठणकत होती रे. दातांच्या डॉक्टरनं हे बघ कागदावर लिहून दिलंय, सातला औषध लावा आणि चार तास तोंड उघडू नका. बसले जरा उन्हात." तिनं घडी उलगडून दाखवली.

"मग फ्रिजवरची माझी चिठ्ठी?"

"ती सूनबाईनं जाताना टेबलाच्या खणात टाकली. मी कशाला वाचू?" आत्या स्टुलावरून उठली आणि आत टेबलाकडे निघाली. "पण आता वाचते. कोण जुनी झाली म्हणालास? कुणाला फेकणार होतात?"

यंत्र अगदी उत्तम दुरुस्त झालं होतं.